शाळेत नवा उपक्रम आणताना : नव्या मुख्याध्यापकांसाठी

पदोन्नतीचा आदेश आला, चार्ज घेतला, की महिन्याभरात शाळेच्या दारात माणसं यायला लागतात. कुणी संस्थेचं माहितीपत्रक घेऊन येतं, कुणी ॲपचं मोफत खातं देऊ करतं. गावचा पुण्यात नोकरी करणारा माजी विद्यार्थी ‘शाळेसाठी काहीतरी करायचंय, सांगा’ म्हणून फोन करतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर केंद्रप्रमुखांचे (आसपासच्या शाळांचं केंद्र बघणाऱ्या अधिकाऱ्यांचे) संदेश चालूच असतात. खुर्ची नवी असते, नाही म्हणणं जड जातं. मग जून ते दिवाळी पाच-सहा उपक्रम सुरू होतात आणि दिवाळीनंतर त्यातले बरेचसे फलकावर तेवढे उरतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं मुख्याध्यापक आहे. खालचं सगळं मुख्यतः पहिली ते आठवीच्या जि.प. आणि नगरपालिका शाळांना धरून लिहिलंय. खासगी अनुदानित शाळेत संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव ही एक पायरी वाढते, बाकी तेच. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: उपक्रम कोणता आहे यापेक्षा त्याला वेळापत्रकात रोजची जागा मिळाली का, यावर तो टिकतो की विरतो हे ठरतं.

१. आधी चालू असलेल्यांची यादी करा

नवं काही घेण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि शाळेत आत्ता काय-काय चालू आहे ते लिहा. वाचनकट्टा, स्पेलिंग पाठांतर, शिष्यवृत्तीचे जादा तास, परसबाग, आनंददायी शनिवार, निपुण महाराष्ट्र या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाची कामं, कुठल्यातरी संस्थेचं गणित पेटीचं साहित्य, सगळं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: कोण बघतं, आठवड्यात किती वेळ जातो, आणि तो आदेशाने आलाय की आपण घेतलाय.

या यादीत एक गंमत दिसते. ‘कोण बघतं’ या रकान्यात एकाच शिक्षकाचं नाव चार वेळा येतं. तो शाळेतला उत्साही माणूस, बहुधा वयाने सगळ्यात लहान. त्याच्या अंगावर पाचवं काम टाकण्याआधी थांबा.

आदेशाने आलेले उपक्रम तुम्हाला बंद करता येत नाहीत, पण त्यांचा भार किती ठेवायचा हे बरंचसं तुमच्या हातात असतं. बाकीच्यांतले कोणते थांबवायचे ते इथेच ठरवा. एक आत घ्यायचा तर एक बाहेर काढायचा, हा नियम मी स्वतःपुरता कधीच मोडत नाही.

एक सूचना: ग्रुपवर फिरणारं प्रत्येक पत्र आदेश नसतं. शासन निर्णय असेल तर त्यावर संगणक सांकेतांक असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर सापडतो. जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं पत्र असेल तर जावक क्रमांक आणि दिनांक असतो. दोन्ही नसेल तर आधी केंद्रप्रमुखांना विचारा, मग कामाला लागा.

२. दुखणं कुठे आहे ते मुलांसमोर बसून बघा

‘आमची मुलं इंग्रजीत कच्ची आहेत’ हे निदान झालं नाही. नेमकं कोणत्या इयत्तेत, किती मुलं, कशावर अडतात हे कळल्याशिवाय कुठलाही उपक्रम निवडू नका. नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण उपयोगी पडतात, पण लेखी चाचणीत वर्गातली मुलं एकमेकांना सावरून घेतात आणि आपणही थोडं सावरून घेतो. त्यामुळे तोंडी पडताळणी स्वतः करा.

‘असर’ या मुलांचं वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या सर्वेक्षणात वापरतात ती पद्धत साधी आहे. भाषेसाठी अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितासाठी १ ते ९ अंक ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. तिसरी ते पाचवीचा पट चाळीसच्या आसपास असेल तर दोन दिवसांत आटोपतं. इतर शिक्षकांनाही बसवा, पण कुणी आपलाच वर्ग तपासायचा नाही, वर्ग अदलाबदल करून द्यायचे.

इथे एक फसगत ठरलेली आहे. मुलगी पाठ्यपुस्तकातला धडा खडाखडा वाचते, बोटही ओळीवरून फिरतं. तिच्याकडे नीट बघा. बोट ‘पाऊस’वर असताना तोंडातून पुढच्या ओळीतलं ‘छत्री’ आलेलं असतं. धडा पाठ आहे. म्हणून न पाहिलेला मजकूर द्या. जुन्या बालमासिकातला, किंवा तुम्हीच चार ओळी लिहिलेल्या. तोच धडा खालून वर वाचायला सांगितला तरी कळतं. ‘घर’ वाचणारं मूल ‘घरट्यात’पाशी अडलं तर त्याची अडचण जोडाक्षराची आहे, आणि ‘किरण’ला ‘करण’ म्हणालं तर वेलांटीची. हे कुठल्याच ऑनलाइन अहवालात दिसत नाही, आणि उपक्रम निवडायला हेच लागतं.

शेवटी एक वाक्य लिहून काढा. उदाहरणार्थ: ‘चौथीच्या अकरा मुलांपैकी सहा मुलं शब्द वाचतात पण परिच्छेद वाचू शकत नाहीत.’ हे वाक्य पुढे ठरावात, प्रस्तावात आणि वर्षअखेरीच्या तपासणीत जसंच्या तसं वापरायचं आहे.

३. कुठे काय चाललं, काय फसलं हे समजून घ्या

‘अमुक तालुक्यात फार छान चाललंय’ एवढं कारण पुरेसं नाही. कुठला उपक्रम कशामुळे चालला हे शोधायचं असतं. याचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या पातळीनुसार शिकवण्याच्या पद्धतीचं आहे, म्हणजे इयत्ता न बघता मुलाला काय येतं ते बघून गट करायचे आणि शिकवायचं. तिची मुळं आपल्याकडेच आहेत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ म्हणून वस्तीतल्या तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज साधारण दोन तास वेगळं बसवून शिकवायच्या. त्याची रीतसर तपासणी झाली आणि मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. ती तपासणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या कामाचा भाग याच्या पुढचा आहे. हीच पद्धत सरकारी शिक्षकांनी सरकारी शाळेत वापरायची ठरली तेव्हा काय झालं? बिहारमध्ये काही शाळांना नुसतं साहित्य दिलं. फरक पडला नाही. काही ठिकाणी प्रशिक्षणही दिलं, ते शिक्षकांना आवडलंही, पण वर्षभर अभ्यासक्रम संपवायचा ताण, त्यामुळे वर्गात परत पाठ्यपुस्तकच. उत्तराखंडात स्वयंसेवक दिले, तर ते शाळेच्या नेहमीच्या कामात मदतनीस म्हणून खपून गेले.

हरियाणात २०१२-१३ मध्ये तीन गोष्टी बदलल्या. शाळेच्या वेळेतच यासाठी रोज एक ठरलेला तास ठेवला. त्या तासात तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्ता मोडून पातळीप्रमाणे बसवलं. आणि शाळांवर देखरेख करणाऱ्या समन्वयकांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवून पाहिलं, मग शिक्षकांना दाखवलं. तिथे भाषेत मुलं पुढे सरकली.

पद्धत तीच, शिक्षकही सरकारीच. फरक वेळापत्रकाने आणि देखरेखीने पाडला. माहितीपत्रकात साहित्याचे फोटो मोठे असतात आणि तासिकेबद्दल एक ओळही नसते, तेव्हा मला बिहार आठवतो.

यंत्रांबाबतही तेच. पेरू देशाने ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेत ग्रामीण शाळांत लॅपटॉप वाटले. तपासणीत मुलांच्या गणितात आणि भाषेत सुधारणा आढळली नाही. आपल्याकडे लोकवर्गणीतून आलेला स्मार्ट टीव्ही कापड घालून झाकलेला मी कितीतरी शाळांत बघितलाय. उद्घाटनाच्या दिवशीचं हळदीकुंकू कोपऱ्यात तसंच असतं. टीव्ही वाईट नव्हता. कोणत्या तासाला, कोणी, काय लावायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं.

४. संस्थेच्या माणसाला हे विचारा

चहा द्या, आदराने ऐका, आणि मग विचारा:

- तुमचा माणूस आठवड्यातून किती वेळा शाळेत येणार? त्याचा प्रवासखर्च कोण देणार?
- किती वर्षांसाठी? निधी कुठून येतो? (कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. अशा पैशाची मंजुरी बहुधा वर्षावर्षाने होते. ‘तीन वर्षं करू’ म्हणणारी संस्था मार्चनंतर दिसेनाशी होण्यामागे पुष्कळदा हेच असतं, संस्थेची नियत वाईट असते असं नाही.)
- शिक्षकांनी किती फॉर्म भरायचे? एक नमुना आत्ता दाखवा.
- मुलांचे फोटो, नावं, गुण कुठे जाणार?
- दोन वर्षांपूर्वी ज्या शाळांत काम संपवलंत, त्यांतल्या दोन मुख्याध्यापकांचे नंबर द्या.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चालू शाळांचे नंबर कुणीही देतं. काम संपवलेल्या शाळेतल्या बाईंना किंवा सरांना फोन करा आणि एवढंच विचारा: ‘ते लोक गेल्यावर काय उरलं?’ फोनवरची पहिली दोन सेकंदंच पुष्कळ सांगून जातात.

५. तासिका कुठून आणणार, ते कागदावर मांडा

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलंय. त्यात परीक्षा, क्रीडा स्पर्धा, प्रशिक्षणं, निवडणुकीची कामं वजा करा. रोजचा एक तास वाटतो तितका स्वस्त नसतो.

वेळापत्रकाची प्रत घ्या आणि पेन्सिलीने नवी तासिका बसवून बघा. परिपाठानंतरची पहिली तासिका सगळ्यात चांगली. आहारानंतरची मुलांना जड जाते. शाळा सुटल्यावरची तर घेऊच नका, कारण ज्या मुलांसाठी हे सगळं करायचं, तीच शेळ्या वळायला किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी पळतात. पातळीनुसार गट करायचे असतील तर संबंधित सगळ्या वर्गांची ती तासिका एकाच वेळी हवी. दोनशिक्षकी शाळेत हे सोपं असतं, मोठ्या शाळेत याच मुद्द्यावर घोडं अडतं.

पेन्सिलीने जागा सापडली नाही तर उपक्रम घेऊ नका.

६. शिक्षकांशी बैठकीआधी बोला

बैठकीत सगळे ‘हो’ म्हणतात. म्हणून बैठकीच्या आधी एकेकाशी बोला, शक्यतो त्यांच्या वर्गात जाऊन. ज्येष्ठ गुरुजींचा ‘असलं पुष्कळ पाहिलंय’ हा सूर अंगावर घेऊ नका. त्यांनी खरंच पाहिलेलं असतं. ज्ञानरचनावादी फरशा रंगवण्याची लाट, कृतीयुक्त अध्ययनाची कार्डं, २०१५ पासूनचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम. ‘त्यातलं काय टिकलं आणि का टिकलं?’ असं त्यांनाच विचारा. मला आजवर मिळालेला उत्तम सल्ला अशाच गप्पांतून मिळालाय.

दोघांना आवडलं, दोघांना नाही, तर आवडलेल्या दोघांच्या वर्गांपासून सुरुवात करा. बाकीच्यांना तीन महिने नुसतं बघू द्या. त्यांच्यावर सक्ती केली तर रजिस्टर भरलं जाईल, तास होणार नाही. आणि नव्या कामाच्या बदल्यात त्यांच्याकडून काय काढून घेणार, ते त्याच भेटीत सांगा. सूचनाफलक, एखादी नोंदवही, एखाद्या स्पर्धेची तयारी, काहीतरी.

७. समिती, परवानगी आणि कागद

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्मे सदस्य महिला असतात आणि तुम्ही सदस्य-सचिव. तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करणं हे या समितीचं कायद्याने ठरवलेलं काम आहे, तेव्हा नवा उपक्रम त्या आराखड्यातही यायला हवा. सह्या घ्यायला शिपायाकरवी रजिस्टर घरोघर पाठवण्याची पद्धत बऱ्याच गावांत आहे. ती मोडा. बैठक संध्याकाळी ठेवा, शेतावरची आणि मजुरीवरची माणसं तेव्हाच येतात. दुसऱ्या पायरीतलं ते एक वाक्य वाचून दाखवा. चार्ट, सादरीकरण यांची गरज पडत नाही. ‘सहा पोरांना वाचता येत नाही’ म्हटल्यावर पुढचा अर्धा तास चर्चा आपोआप होते.

बाहेरची संस्था येणार असेल तर तुमच्या सहीने परस्पर करार करू नका. सामंजस्य करार बहुधा जिल्हा किंवा राज्य पातळीवर झालेला असतो. त्याची प्रत मागा. नसेल तर केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी परवानगी मागा आणि पोच जपून ठेवा.

एका फाइलमध्ये एवढं असावं:

- समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि ठराव (क्रमांक, दिनांकासह)
- गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचं परवानगीपत्र किंवा कराराची प्रत
- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, संपर्क व्यक्तीचं ओळखपत्र
- शाळेत येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची पोलीस चारित्र्य पडताळणी
- पालकांची लेखी संमती (फोटो, ध्वनिमुद्रण आणि ऑनलाइन खात्यांसाठी वेगवेगळी)
- सुरुवातीच्या पडताळणीचे मूळ कागद
- बदललेलं वेळापत्रक
- मिळालेल्या साहित्याची साठा नोंदवहीतला पान क्रमांक

पोलीस पडताळणीवर ‘ओळखीचाच मुलगा आहे, बाई’ असं हमखास ऐकायला मिळतं. तरीही मागा. बाहेरच्या माणसाला मुलांसोबत एकटं सोडायचं नाही, शिक्षक वर्गात हवाच, हेही पहिल्या दिवशीच सांगून टाका. ॲपसाठी मुलांची माहिती देण्याबाबत २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. आधार क्रमांकाची यादी कुठल्याही संस्थेला देऊ नका.

८. पैसा आणि वस्तू

संयुक्त शाळा अनुदान पटावरून मिळतं आणि त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर जातो. वीजबिल, खडू, दुरुस्ती गेल्यावर नव्या उपक्रमाला फारसं उरत नाही, हे गृहीत धरूनच चाला. खरेदी करायची तर दरपत्रकं, ठराव, पावती आणि कॅशबुकातली नोंद त्याच आठवड्यात करा. लेखापरीक्षक उपक्रम किती छान होता हे विचारत नाहीत.

भेट मिळालेली प्रत्येक वस्तू साठा नोंदवहीत चढवा, अगदी गोष्टींची पुस्तकंसुद्धा. एकदा चढली की ती तुमच्या नावावर आणि निर्लेखनाशिवाय (नोंदवहीतून रीतसर कमी केल्याशिवाय) उतरत नाही. म्हणून बंद पडलेले जुने संगणक ‘देणगी’ म्हणून येत असतील तर नम्रपणे नको म्हणा. टॅब किंवा टीव्ही घेताना दुरुस्ती कोण करणार, तालुक्याला सुटे भाग मिळतात का, आणि वाढलेलं वीजबिल कोण भरणार, ही तीन उत्तरं लेखी घ्या.

९. कधी सुरू करायचं

जूनमध्ये नको. प्रवेश, पुस्तकं, गणवेश, पटनोंदणी आणि बदलून आलेले शिक्षक यांत जून संपतो. जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा पडताळणीला द्या, जुलैच्या मध्यापासून दोन वर्गांत सुरुवात करा. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तिथे पंधरा दिवस पुढे धरा. गणपतीपर्यंत सलग पाच-सहा आठवडे मिळतात, तेवढ्यात सवय लागते. दिवाळीच्या सुट्टीआधी पहिली फेरतपासणी. जानेवारीनंतर काहीही नवं सुरू करू नका. स्नेहसंमेलन, शिष्यवृत्ती आणि वार्षिक परीक्षांत ते वाहून जातं.

१०. पाहणी स्वतः करा

आठवड्यातून दोनदा त्या तासिकेला वर्गात मागे जाऊन बसा. मोबाइल ऑफिसात ठेवून जा. फोटो काढायला गेलात की तास फोटोसाठी होतो, मुलंही हात वर करून बसतात.

बघायचं थोडंच: तास वेळेवर सुरू झाला का, प्रत्येक मूल काहीतरी करत होतं का, आणि आपल्या यादीतली ती सहा मुलं काय करत होती. लॉगबुकात दोन ओळी लिहा, त्यातली एक चांगली असू द्या. महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः तो तास घ्या. हरियाणातल्या समन्वयकांना आधी शिकवायला लावण्यामागचं तेच खरं कारण असावं असं मला वाटतं: ज्याने स्वतः शिकवलंय त्याच्या सूचनेला शिक्षक मान देतात.

आपल्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत सांगायची घाई करू नका. एकदा सांगितलं की भेटी सुरू होतात, भेटींची तयारी सुरू होते, आणि तासिका त्यात जाते.

११. चालू ठेवायचं की थांबवायचं

दिवाळीआधी आणि फेब्रुवारीत तीच पडताळणी, त्याच पद्धतीने, वर्ग अदलाबदल करून. सहापैकी किती मुलं परिच्छेदापर्यंत आली? चार आली तर पुढच्या वर्षी आणखी दोन वर्ग. एक-दोनच आली तर आधी तासिका खरोखर किती झाल्या ते मोजा. निम्म्याही झाल्या नसतील तर उपक्रमाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, वेळापत्रक दुरुस्त करा. सगळ्या झाल्या आणि तरी मुलं हलली नाहीत, तर थांबवा. समितीच्या बैठकीत कारणासह ठराव घ्या, संस्थेला आभाराचं पत्र द्या, साहित्य परत करायचं किंवा ठेवायचं ते लिहून घ्या. थांबवलेला उपक्रम अहवालात ‘चालू’ दाखवू नका. पुढच्या वर्षी त्याचेच फोटो मागितले जातात.

१२. तुमची बदली झाली तर

मे महिन्यात बदल्यांच्या याद्या लागतात. चार्ज यादीत कपाटं, खुर्च्या, किल्ल्या असतात, उपक्रम नसतो. म्हणून एप्रिलमध्येच ती फाइल एका शिक्षकाच्या ताब्यात द्या, ज्याची बदली यंदा होणार नाही अशा. वर एक पान जोडा: कोणत्या मुलांसाठी सुरू केलं, कोणती तासिका, दर आठवड्याला कोण काय करतं, आणि आत्ता कोणतं मूल कुठल्या पातळीवर आहे. नव्या मुख्याध्यापकांना चार्ज देताना किल्ल्यांच्या आधी ते पान हातात द्या, आणि त्यांना त्या तासिकेला एकदा वर्गात घेऊन जा.